चिमटा लावलेली पानं

बडोद्यात आमच्या कारेलीबागेतल्या घरी दर काही दिवसांनी टपालाने एक जाड अंक यायचा, आणि तो आला की आई आधी दोरीवरचे कपड्यांचे चिमटे काढून आणायची. हे मी आजवर अनेकांना सांगितलं आहे आणि प्रत्येकाने त्यावर "म्हणजे?" असंच विचारलं आहे, तेव्हा आधी चिमट्यांचा खुलासा करून टाकते. त्या अंकात सर्वोच्च न्यायालयाचे निकाल छापलेले असत. प्रत्येक निकालाच्या सुरुवातीला संपादकाने केलेला सारांश असतो, त्याला वकील मंडळी हेडनोट म्हणतात. खटला काय होता, कोण जिंकलं, किती न्यायमूर्ती कुठल्या बाजूला गेले, सगळं दोन-तीन पानांत. निम्म्याहून अधिक वकिली या हेडनोटवरच चालते, हे आता स्वतः वकिली करून मी सांगू शकते. माझ्या बाबांना मात्र हेडनोटचा मनस्वी तिटकारा होता. "शेवट आधीच कळल्यावर वाचायचं काय?" असं ते म्हणत. निकालपत्र ही पहिल्या ओळीपासून न्यायमूर्तींच्या मागोमाग चालत जाऊन, त्यांना पडलेल्या शंका आपल्यालाही पडू देऊन, शेवटच्या पानावर त्यांच्याबरोबर पोचण्याची गोष्ट आहे, असं त्यांचं म्हणणं. पण डोळा चावट असतो, नको तिथे जातो. म्हणून अंक आला की आईने हेडनोटच्या पानांवर जुन्या कॅलेंडरचा कागद घालून वर चिमटे लावायचे आणि मगच अंक बाबांच्या हातात द्यायचा, अशी आमच्या घरची पद्धत पडली होती. त्या दिवशी दोरीवर चिमटे कमी पडायचे आणि बाबांचे बनियन उडून शेजारच्या हंसाबेनच्या तुळशीवर जाऊन बसायचे. त्या ते कुंपणावरून परत देताना म्हणायच्या, "लो बेन, आज फरी सुप्रीम कोर्ट आव्युं लागे छे."

हेडनोट कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे ठरवायला चिमटे लावणाऱ्याला ती वाचावी लागणार, ही साधी गोष्ट इतक्या वर्षांत बाबांच्या डोक्यात आली नव्हती. खरं सांगायचं तर माझ्याही आली नव्हती.

बाबांचं नाव दिनकर पोतनीस. एका मोठ्या सरकारी कारखान्याच्या विधी खात्यात ते नोकरीला होते. तिथे त्यांच्या वाट्याला गोदामांचे भाडेकरार आणि कंत्राटदारांच्या नोटिसा यायच्या. राज्यघटना त्यांच्या टेबलावर कधी आली नाही, म्हणून ते ती घरी आणत. आमचे आजोबा संस्थानाच्या न्यायखात्यात होते, त्यामुळे न्याय आपल्या रक्तातच आहे अशी बाबांची ठाम समजूत होती. आजोबा न्याय देत नसत, न्याय देणाऱ्यांपुढे कागद सरकवत, असं आईने एकदा सुचवून पाहिलं होतं, पण ते बाबांनी कामकाजातून वगळलं. बडोद्यातल्या मराठी मंडळींच्या एका पाक्षिकात ते न्यायालयीन निकालांवर सदर लिहीत. रावपुऱ्यात एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर त्यांची अधूनमधून व्याख्यानं होत आणि तिथे पंचवीस-तीस माणसं जमत. त्यांतली काही घटनेसाठी येत आणि काही नंतरच्या खमणासाठी. कोण कशासाठी येतं हे बाबांना ठाऊक होतं, पण समानतेचं तत्त्व म्हणून ते दोघांनाही सारखाच नमस्कार करत.

ही सगळी घटना बाहेरच राहिली असती तर आमची तक्रार नव्हती. पण आमचं घरही तिच्याच अमलाखाली होतं. पुढच्या खोलीत कड्यांचा पितळी झोपाळा होता, गुजरातेत असतो तसा, आणि तो बाबांचं न्यायासन होता. जगातलं दुसरं कुठलंही न्यायासन निकाल देताना हलत नसेल. आमचं हलायचं. युक्तिवाद चालू असताना झोपाळा संथ असे, बाबा पेचात पडले की वेग वाढे, कड्या कुरकुरत, आणि निकाल ठरला की ते उजव्या पायाचा अंगठा फरशीवर टेकवून झोपाळा थांबवत. अंगठा टेकला की पुढे बोलायचं नाही. घरातल्या प्रत्येक वादावर रविवारी जेवणाआधी तीन जणांचं पीठ बसे, बाबा, मी आणि माझा धाकटा भाऊ नंदू. निकाल बहुमताने, आणि कारणांसह. कारणं न देता दिलेला हुकूम हा हुकूमच नव्हे, हे बाबांचं आवडतं तत्त्व. त्यामुळे "नाही म्हणजे नाही" हे वाक्य मी लहानपणी कधी ऐकलं नाही, त्याऐवजी मला नाही म्हणायला बाबांना पाऊण तास लागत असे. मैत्रिणींना याचा हेवा वाटायचा. त्यांना पाऊण तास बसवून ठेवायला हवं होतं.

केबलचा खटला अजून आठवतो. सोसायटीत सगळ्यांच्या गच्चीवरून काळ्या वायरी आल्या होत्या, हंसाबेनकडे तर परदेशी कुस्त्या दिसायला लागल्या होत्या, आणि नंदूने अर्ज केला. बाबांनी मूलभूत चौकटीचं तत्त्व लावलं. संसदेला घटना हवी तशी दुरुस्त करता येते, पण तिची मूलभूत चौकट मोडता येत नाही, असं न्यायालय म्हणतं. तसंच घरात मिक्सर आला, गॅसची दुसरी टाकी आली, ते चालेल, पण रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र आणि बोलत करायचं ही आपली मूलभूत चौकट आहे, म्हणून केबल येईल पण जेवताना बंद राहील. यावर नंदूने विचारलं की कुस्ती नेमकी जेवताना असली तर? झोपाळा जोरात कुरकुरला. शेवटी जेवणाची वेळ ही चौकटीचा भाग नाही असं ठरलं आणि आम्ही महिनाभर संध्याकाळी सहाला जेवलो.

आता या सगळ्यात आई कुठे असायची, तर स्वयंपाकघरात. रविवारी जेवणाआधी पीठ बसायचं म्हणजे नेमकं आईचं दुसऱ्या प्रकारचं पीठ परातीत असायचं. तव्यावर पोळी, बाजूला कुकर, वर धुराचा पंखा घरघरतोय, अशा थाटात तिचा युक्तिवाद आतून यायचा. आईचा आवाज मुळात लहान. "अहो, माझं ऐका, त्या पोराला—" इतकं ऐकू येई, मग शिट्टी होई, मग "—आणि तुम्हालाच मग त्रास," एवढं शेपूट. बाबा गंभीरपणे मान डोलवून म्हणत, "यांचं म्हणणं नोंदवून घेतलं आहे." अंगठा टेकला की आई हात पुसत दारात येऊन विचारायची, "काय ठरलं?" तेव्हा मला यात काही वावगं वाटत नव्हतं. प्रत्येक घरात कोणी ना कोणी आत असतंच, असं वाटायचं.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी मी बारावी होऊन कॉलेजात गेले होते आणि आईला शहराच्या दुसऱ्या टोकाला, अकोट्यातल्या एका शाळेतून बोलावणं आलं होतं. आई गणिताची शिक्षिका. नंदू लहान असताना तिने नोकरी सोडली होती आणि त्यानंतर तिचं गणित दूधवाल्यापुरतं उरलं होतं. शाळेतल्या बाई अचानक परदेशी निघाल्या, जुन्या मैत्रिणीने आईचं नाव सुचवलं. शाळा सकाळची. कारेलीबागेतून अकोट्याला बसने जायचं म्हणजे स्टेशनला उतरून दुसरी बस धरायची, मग विश्वामित्री नदीचा पूल ओलांडायचा, आणि इतकं करून पोचेपर्यंत पहिला तास संपलेला. पण हंसाबेनची सून अमेरिकेला गेल्यापासून तिची बिनगियरची स्कूटर अंगणात झाकून उभी होती. हंसाबेन म्हणाल्या, "शैलाबेन, बे दिवसमां आवडी जशे. एमां डरवानुं शुं?" दोन दिवसांत येईल, घाबरायचं काय, असं. आणि खरंच, दुपारी आम्ही बाहेर असताना आईने सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत फेऱ्या मारायला सुरुवातही केली होती. तिसऱ्या दिवशी तिने मला मागे बसवून एक चक्कर मारली. ती वळताना जीभ बाहेर काढायची, अवघड गणित सोडवताना काढायची तशी. शाळेला सोमवारपर्यंत होकार हवा होता. त्याच्या आधीच्या रविवारी तिने पिठापुढे अर्ज ठेवला, अर्थातच आतून, पुऱ्या तळता तळता.

त्या दिवशी बाबांनी सुनावणीच घेतली नाही. "हा धोरणात्मक निर्णय आहे," ते म्हणाले. "घराने वाहन ठेवायचं की नाही, हा धोरणाचा प्रश्न. अशा प्रश्नात प्रत्येकाचं म्हणणं ऐकत बसलं तर कारभार चालायचा नाही." खरं कारण वेगळं होतं आणि ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. बाबांना दुचाकी येत नव्हती. तरुणपणी एकदा शिकायला गेले आणि मैदानाच्या कडेच्या उसाच्या रसाच्या गाडीत शिरले. रसवाल्याने त्यांना उचललं, रस पाजला आणि "साहेब, तमे चालता ज जाओ" असा पायीच जाण्याचा प्रेमाचा सल्ला दिला, तो त्यांनी जन्मभर पाळला. स्कूटरींनी भरलेल्या त्या शहरात आमच्या घरी सायकलसुद्धा नव्हती. ते कारखान्याच्या बसने जात आणि बाकी सगळीकडे रिक्षाने, आणि दुचाकीवरच्या कोणाही माणसाकडे ते मरणाच्या दारात उभ्या असलेल्याकडे पाहावं तसे पाहत. आई पडेल ही भीती त्यांना होती, मनापासून होती. पण "मला भीती वाटते" हे कुठल्याच निकालपत्रात लिहिलेलं त्यांनी वाचलं नव्हतं. नंदूने बाबांच्या बाजूने मत दिलं, कारण आईच्या मागे बसून शाळेत जावं लागलं तर मुलं हसतील. मी विरोधात गेले आणि चांगलं पाच मिनिटांचं भिन्नमत दिलं. बाबांनी ते डोळे मिटून ऐकलं. "उत्तम," ते म्हणाले. "भाषा फार सुरेख. दोन विरुद्ध एक, अर्ज नामंजूर." अंगठा टेकला. आई दारात आली, हाताला तेल, आणि म्हणाली, "काय ठरलं?" नंदूने सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि आत गेली. पुऱ्या त्या दिवशी एकही फुगली नव्हती. मैत्रिणीला सांगून तिने शाळेकडून आणखी एका आठवड्याची मुदत मागून घेतली, हे मला नंतर कळलं. माझ्या आईच्या "बरं"मध्ये पुष्कळ जागा असायची.

त्याच आठवड्यात तो अंक आला. आत पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा लांबलचक निकाल होता. सरकारने परवान्यांचं काहीतरी धोरण एका रात्रीत बदललं होतं, त्यावर ज्यांचं पोट होतं ते लोक न्यायालयात गेले होते, आणि प्रश्न असा होता की धोरण बदलण्याआधी त्या लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं होतं की नको. आईने कॅलेंडरचा कागद घातला, चिमटे लावले. ते लावताना ती थोडी थांबली आणि हसली, हे मी पाहिलं, पण मला वाटलं कॅलेंडरवरच्या बाळकृष्णाकडे पाहून हसली. बाबा वाचायला बसले. पिठातल्या सर्वांत ज्येष्ठ न्यायमूर्तींचं मत पहिलं छापलेलं होतं, ऐंशी-नव्वद पानांचं, आणि त्यांनी म्हटलं होतं की हो, ज्याच्यावर परिणाम होणार त्याला विचारल्याशिवाय सरकारला एक पाऊलही टाकता येणार नाही. बाबा वेडे झाले. बसमध्ये वाचलं, जेवताना चौकट मोडून वाचलं, न्हाणीघरातून आम्हाला उतारे ऐकू येत. "काय माणूस आहे!" असं म्हणून ते झोपाळ्यावर उभेच राहायचे बाकी होते. त्या मतानंतर आणखी दोन मतं छापलेली होती. ती त्यांनी वाचलीच नाहीत. "बाकीचे सहमतच असणार," ते म्हणाले. "असं लिहिल्यावर असहमत व्हायची हिंमत कोण करेल?" आणि येत्या रविवारच्या व्याख्यानाचा विषय त्यांनी ठरवून टाकला.

आई त्या आठवड्यात तीनदा झोपाळ्यापाशी आली. "अहो, त्या निकालाचं जरा—" बाबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "शेवट सांगू नकोस!" दुसऱ्यांदा ती म्हणाली, "शेवट नाही हो, पण पुढची पानं—" तेव्हा ते डोळे मिटून मोठ्याने श्लोक म्हणायला लागले. तिसऱ्यांदा ती नुसती समोर येऊन उभी राहिली तर ते उठून अंगणात गेले. रविवारी दुपारी आम्ही दोघी व्याख्यानानंतरच्या चहासाठी आलं किसत असताना तिने मला सगळं सांगितलं. पाचापैकी तिघांनी उलट निकाल दिला होता. धोरणात्मक निर्णयात सुनावणी लागत नाही, असं. बाबा ज्या मताच्या प्रेमात पडले होते ते अल्पमत होतं, आणि संध्याकाळी ते रावपुऱ्यात भरसभेत तोच देशाचा कायदा म्हणून सांगणार होते. आणि त्या सभेत दिघे वकील असणार होते.

दिघे वकील बाबांचे जुने मित्र आणि त्याहून जुने प्रतिस्पर्धी. बाबा हेडनोट सोडून सगळं वाचत. दिघे फक्त हेडनोट वाचत, तीही कोर्टाच्या पायऱ्या चढताना. प्रत्येक व्याख्यानानंतर ते उभे राहून "एक बाळबोध शंका" विचारत आणि बाबांची दोन दिवसांची झोप घालवत. "मग सांगूच नकोस," मी आईला म्हणाले. माझं वय तेव्हा न्यायाचं होतं, दयेचं नव्हतं. "सुनावणी नको म्हणणाऱ्याला एकदा कळू दे. दिघेकाकांना उभं राहू दे." आईने आलं किसणं थांबवलं. "नको गं," ती म्हणाली. "घरात मी यांच्याशी भांडेन नाही तर काहीही करेन. पण दिघ्यांना कशाला फुकटची मजा?"

बाबा त्या दिवशी असे बोलले की तसे आधी कधी बोलले नव्हते. खमणासाठी आलेलेही सावरून बसले. "न्यायालयाने आता ठरवलेलं आहे," असं ते दर पाच मिनिटांनी म्हणत, आणि दर पाच मिनिटांनी दिघे वकिलांचं हसू एकेक बोट रुंद होत होतं. शेवटी तर त्यांनी चष्मा पुसून घडी करून खिशात ठेवला, मोठं काम निघालं की ठेवत तसा. अध्यक्षांनी "कुणाला काही विचारायचं असल्यास" म्हटलं, दिघे खुर्चीचा हात धरून उठायला लागले, त्यांना गुडघ्याचा त्रास होता, आणि तेवढ्यात मागच्या रांगेतून आई उभी राहिली. त्या सभागृहात बायकांनी आजवर एकच प्रश्न विचारला होता, चहा आत्ता आणायचा का. अध्यक्षांनी आपणहून सांगितलं, "हो, आणा."

"मला प्रश्न विचारायचाय," आई म्हणाली. लहान आवाज, पण सभा इतकी चूप की तो पार पुढे गेला. "पोतनीससाहेब, आपण आज जे मत समजावून सांगितलंत, ते या खटल्यातलं अल्पमत आहे. तिघा न्यायमूर्तींनी उलट निकाल दिला. तर देशाचा कायदा झालेलं बहुमत बाजूला ठेवून, आपण मुद्दाम हरलेल्या बाजूवर व्याख्यान का दिलंत, ते ऐकायला आवडेल."

बाबांचा चेहरा मी आयुष्यात तसा पाहिला नाही. आधी रंग गेला. मग त्यांचा उजवा पाय व्यासपीठावर नसलेला झोपाळा थांबवायला पुढे आला आणि तसाच राहिला. आईकडे ते पाहत होते आणि आई त्यांच्याकडे. मग "मुद्दाम" हा शब्द त्यांच्यापर्यंत पोचला असावा. ते पाणी प्यायले, सावकाश, पेला पूर्ण रिकामा होईपर्यंत. "हा प्रश्न कोणीतरी विचारेल," ते म्हणाले, "याचीच मी वाट पाहत होतो." माझ्या शेजारी नंदूने तोंडावर रुमाल दाबला. पण त्यानंतर बाबा जे बोलले ते खोटं नव्हतं, ते त्यांना तिथेच, उभ्या उभ्या सुचत गेलं. "बहुमताला माझी गरज नाही. त्याच्यामागे पोलीस आहेत, अधिकारी आहेत, सरकारी शिक्के आहेत. अल्पमतामागे फक्त कारणं असतात. आपण हरलो आहोत हे माहीत असूनही तो न्यायमूर्ती रात्री बसून नव्वद पानं लिहितो, ती कुणासाठी? उद्या कोणीतरी वाचेल म्हणून. ते नुसतं छापून ठेवलं, भाषेचं कौतुक केलं आणि वाचलं नाही, तर आपण त्याला न्यायालय कशाला म्हणायचं?" भाषेचं कौतुक कोणी केलं होतं ते मला आठवलं, त्यांनाही आठवलं असावं, कारण ते माझ्याकडे बघायचं टाळत होते. टाळ्या पडल्या. दिघे वकील अजूनही अर्धे उठलेलेच होते. "मग पोतनीस, बहुमताचं म्हणणं काय आहे ते तरी सांगा!" त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. बाबांना ते अर्थातच माहीत नव्हतं. "ते हेडनोटमध्ये आहे, दिघे," बाबा म्हणाले. "तुम्ही वाचलंच असेल." सभा इतकी हसली की खालच्या मजल्यावरचे ग्रंथपाल वर आले.

आम्ही रिक्षात बसलो. मग बाबांनी विचारलं, "तुला केव्हापासून माहीत होतं?" "चिमटा लावला तेव्हापासून," आई म्हणाली. "म्हणजे तू हेडनोट वाचतेस?" "बघितल्याशिवाय चिमटा कुठे लावू?" आमच्या घरात येणारा प्रत्येक निकाल बाबांच्या आधी आईला ठाऊक असायचा, आणि कित्येक रात्री ते तिला "सांग बघू, काय झालं असेल?" म्हणून कोडी घालत, आणि ती विचार केल्यासारखं करून मुद्दाम चुकीचं उत्तर देत असे, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून जात असणार. घर येईपर्यंत त्यांनी एकदाच तोंड उघडलं, रिक्षावाल्याला "हळू चालव" सांगायला.

रविवारी रात्री आमच्याकडे खिचडी-कढी असे. आईची कढी इतक्या वर्षांत हंसाबेनच्या संगतीने गोड होत गेली होती, त्यावर बाबांची तक्रार कायमची प्रलंबित होती. घरी आल्यावर आईने कुकर चढवला, कढी ठेवली, धुराचा पंखा लावला. बाबा झोपाळ्यावर बसले आणि आम्हाला बोलावलं. "स्कूटरच्या निकालाचा फेरविचार," ते म्हणाले. "अर्जदाराने आपलं म्हणणं मांडावं." आतून आई काहीतरी बोलली. पंखा घरघरत होता. "—आणि सकाळच्या—" एवढं ऐकू आलं. मग शिट्टी. बाबा सवयीने म्हणाले, "यांचं म्हणणं नोंदवून—" आणि थांबले. झोपाळाही आपोआप थांबत गेला. ते उठले, दाराशी गेले आणि म्हणाले, "तू बाहेर येऊन बस. कढी मी ढवळतो."

"तुम्हाला फावणार नाही," आई म्हणाली.

"ढवळायचं तर आहे."

ते आत गेले. आई बाहेर आली, इकडेतिकडे पाहिलं आणि दुसरी जागा नसल्यामुळे झोपाळ्यावर बसली. पदराने हात पुसले. नंदू आणि मी समोर. सुनावणीच्या वेळी मी तिला तिथे कधी पाहिलं नव्हतं, आणि तिचे पाय फरशीला जेमतेम टेकत होते. तिने एक हलका झोका घेतला आणि बोलायला लागली. तिच्या नेहमीच्याच आवाजात. "मला गणित येतं," ती म्हणाली. "ते मी सोडलं तेव्हा कोणी सुनावणी घेतली नव्हती, मीही मागितली नाही, कारण नंदू लहान होता. आता तो लहान नाही. मला वर्गात उभं राहायचंय, खडू हातात घेऊन. रोज सकाळी उठल्यावर मला त्याचीच आठवण येते, आणि मग मी दूध तापवते. तुम्हाला भीती वाटते हे मला कळतं. मलाही वाटते. पहिल्या दिवशी तर हंसाबेनच्या कुंपणाला—"

"मोठ्याने बोल!" आतून बाबा ओरडले. पंखा, कुकर आणि कढीचा खदखदाट या सगळ्यांच्या वरून. "शैला! मोठ्याने! इथे काही म्हणजे काही ऐकू येत नाहीये!"

आई बोलायची थांबली. आमच्याकडे पाहिलं. मग उजव्या पायाचा अंगठा लांब करून फरशीवर टेकवला आणि झोपाळा थांबवला.

"माझं म्हणणं एवढंच होतं," ती म्हणाली.

बाबा दारात आले. हातात पळी, पळीतून कढी फरशीवर ठिबकत होती, चष्म्यावर वाफ. हे शेवटचं वाक्य त्यांना ऐकू आलं होतं. त्यांनी मागे वळून आत पाहिलं, मग पुढे झोपाळ्याकडे, मग पुन्हा आत. त्या घराचा आराखडा त्यांनी स्वतः पसंत केला होता, पण तेवढं अंतर त्यांनी आधी कधी पाहिलंच नसावं.

"अर्ज मंजूर," ते म्हणाले.

"कारणं?" नंदू म्हणाला, कारण आमच्या घरात कारणांशिवाय हुकूम धरत नसत.

बाबांनी चष्मा काढला, पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून तसाच धरून ठेवला. एका वाक्यात दिलेला निकाल त्यांच्याकडून मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. "कारण," ते म्हणाले, "तिथून खरंच ऐकू येत नाही."

मागे कढी उतू गेली, गॅसवर पडून चरचरली, जळका गोड वास पुढच्या खोलीत आला. आई झोपाळ्यावरून उठली नाही.